सिस्टरच्या बैलांचा पोळा

सिस्टरच्या घरी कोणी गेलं की त्या आधी मनगट धरायच्या. या, बसा, पाणी घ्या, हे सगळं मागून. दोन बोटं नाडीवर, नजर आढ्याकडं, आणि तेवढा वेळ आपण तोंड उघडायचं नाही. मंग हात सोडायच्या आणि म्हणायच्या, "हं, बोला आता." एकदा तलाठी आल्ता कसल्याशा कामाला. त्याचीही नाडी बघितली. म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला घाई लई हाय, नाडी पळून राह्यली. आधी ताक प्या." तलाठी बिचारा गपगुमान दोन पेले ताक प्याला आणि काम काय होतं तेच विसरून गेला.

त्यांचं खरं नाव गावात कोणी घेतच नव्हतं. जालन्याला एका दवाखान्यात नर्स म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली, लग्न केलं नाही, आणि रिटायर झाल्यावर नवीन जालन्यातली भाड्याची खोली सोडून बापाच्या रानात येऊन राहिल्या. वडीगोद्रीच्या पुढं हमरस्ता सोडून आत आमचं गाव आहे, तिथं. त्यांचं रान आणि आमचं रान एका बांधाला. आम्ही मूळचे मेंढरंवाले, माझ्या सासऱ्यांनी मेंढरं विकून हे रान घेतलं. सिस्टर गावच्या लेक, म्हणून आमचे मालक त्यांचे भाऊ आणि मी वैनी. वयानं मी कितीतरी लहान, तरी वैनीच.

पांढरं स्वच्छ लुगडं, पायात काळे गमबूट आणि डोक्यावर टॉवेल, असा त्यांचा शेतातला थाट. गावात सगळ्यांनी ट्रॅक्टर लावले तेव्हा या बाईनं बैलजोडी घेतली. लोक हसले. त्यांनी बैलांची नावं ठेवली डॉक्टर आणि कंपाउंडर. डॉक्टर मोठा, शहाणा, थोडा गर्विष्ठ. कंपाउंडर त्याच्या मागं मागं. सकाळी बांधापलीकडून आवाज यायचा, "डॉक्टर, पाय उचला! असं उभं राहून कसं चालंल?" बैलाला अहो-जाहो करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. इतकी वर्षं दवाखान्यात ज्यांचं ऐकलं, त्यांना आता मी हाकते, असं म्हणून स्वतःच हसायच्या.

आणि चिकटपट्ट्या! घरातल्या प्रत्येक डब्यावर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर निळ्या पेनानं नाव. मीठ. साखर. तुरीची डाळ, जुनी. तुरीची डाळ, नवी. एका बाटलीवर होतं, "विष. हात लावाल तर मराल." माझी शाळा लवकर सुटल्ती, अक्षरं तेवढी ओळखू यायची. माझं वाचणं खरं पक्कं झालं ते त्या डब्यांवर. मीठ वाचता आलं त्या दिवशी सिस्टरनं मला गुळाचा खडा दिला होता. त्याच्या डब्यावर "गूळ" लिहिलेलं होतं, तेही वाचलं.

इतकं लेबलांचं वेड, पण एक लेबल या बाईला बिलकुल चालायचं नाही. ख्रिस्ती.

आता असं नका समजू की त्या देवाधर्माला मानत नव्हत्या. तांबडं फुटायच्या आत उठून प्रार्थना करायच्या, आवाज आमच्या ओट्यापर्यंत यायचा. रविवार चुकवायच्या नाहीत. पण वस्तूला कोणी ख्रिस्ती म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. त्यांच्या भाच्यानं एकदा जालन्याहून भिंतीवरचं घड्याळ आणलं. वर क्रूस, खाली बायबलातलं वचन. म्हणाला, "मावशी, खास ख्रिस्ती घड्याळ हाय."

"वेळ बराबर दावतंय का?"

बघितलं तर ते मागं होतं. सिस्टर म्हणाल्या, "ख्रिस्ती हाय अन् खोटं बोलून राह्यलं. परत घेऊन जा, अन् बिनधर्माचं पण खरं बोलणारं आण."

वडीगोद्रीच्या बाजारात त्या वांगी घेऊन बसायच्या. एकदा मी शेजारीच होते. त्यांच्या मंडळीतली एक बाई आली, मंडळी म्हणजे त्यांच्या चर्चचे लोक. म्हणाली, "सिस्टर, मी दुसऱ्याकडून घेत न्हाई बघा. आपल्या ख्रिस्ती माणसाची भाजी ती आपली भाजी." सिस्टरनं एक किडकं वांगं उचललं, चाकूनं चिरलं, आतली अळी दाखवली आणि इचारलं, "अन् ही कोणाची?"

मी एकदा म्हटलं, "अहो सिस्टर, एवढं काय चिडायचं? चांगल्या भावनेनं म्हणतेत लोक."

तर मला घेऊन गेल्या आत, डब्यांपुढं उभं केलं. "वैनी, वाच. काय लिहिलंय?"

"मीठ."

"लेबल कशाला असतं? आत काय हाय ते सांगायला. वॉर्डात बाटलीवर 'ख्रिस्ती औषध' असं लिहिलं असतं अन् मी ते पेशंटला पाजलं असतं, तर तो मेला असता का जगला असता?"

मी म्हटलं, "मला काय ठाऊक?"

"मलाबी ठाऊक न्हाई. ते लेबल आतलं सांगतच न्हाई. बाटली कोणाची तेवढं सांगतं. मी ख्रिस्ती हाय, ते मला कसं वागायचं ते सांगाया हाय. वांग्याला कुठं वागायचं हाय?"

पण या चिडीच्या खाली दुसरं काही होतं, ते मला फार उशिरा कळलं. एका उन्हाळ्यात दुपारी त्यांच्या विहिरीवर बसलो होतो. ती विहीर त्यांच्या आज्यानं खोदलेली. आम्ही गावात सगळे तिला ख्रिस्ती विहीर म्हणतो, मी नवी नवरी होऊन आले तेव्हापासून तेच ऐकलं. त्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "हे नाव आमी न्हाई ठेवलं, वैनी. गावानं ठेवलं. वाटसरूनं चुकून पाणी शेंदू न्हाई म्हून. ख्रिस्ती म्हटलं की आमची मूळची जात कोणती ते बराबर कळायचं."

मंग त्याच हसायला लागल्या. "अन् पुढची गंमत ऐक. एक साल लई दुष्काळ पडला. टँकर आला, तर पाणी ओतायला धड विहीर गावात हीच. मंग काय, रातोरात कोणीतरी कठड्यावर रंगानं लिहिलं, 'सार्वजनिक विहीर'. सगळं गाव पाणी शेंदायला. पाऊस पडला, गावातल्या विहिरी भरल्या, अन् ही पुन्हा ख्रिस्ती झाली. तिचा बाप्तिस्मा बी हवामान बघून व्हायचा."

एवढं बोलून त्या उठल्या आणि बैलांना पाणी पाजायला गेल्या. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

आता पोळ्याचं सांगते, कारण सिस्टर म्हटलं की मला तोच पोळा आठवतो.

आमच्याकडं पोळ्याला सगळे बैल सजवून वेशीत तोरणाखाली उभे करतात. मंगलाष्टकं होतात, तोरण तुटतं, आणि बैल मारुतीच्या देवळाला फेरी घालून घरोघर पुरणपोळी खायला जातात. सिस्टरचे बैलही दरवर्षी त्या रांगेत असायचे. शिंगं रंगवलेली, गळ्यात घागरमाळ, अंगावर झूल. वेशीपर्यंत कासरा सिस्टरच्या हातात. तिथून पुढं तो आमच्या मालकांच्या हातात द्यायच्या आणि स्वतः वेशीतच थांबायच्या. मालक देवळाला फेरी घालून आणायचे आणि कासरा परत द्यायचे. हे कोणी ठरवलं नव्हतं, कोणी बोललंही नव्हतं. होऊन राह्यलं होतं.

मंग मंडळीला नवे पाळक आले. तरुण, जालन्यातल्या मस्तगडचे राहणारे, मोटारसायकलवर यायचे. आमच्या गावात त्यांची घरं थोडी, चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली. पण पाळकांचा उत्साह मोठा. पोळ्याच्या काही दिवस आधी ते सिस्टरकडं आले. मी तिथंच ओट्यावर शेंगा सोलत होते. सिस्टरनं रिवाजाप्रमाणं नाडी बघितली. "बोला आता."

"सिस्टर, असं ऐकलं की आपले बैल मारुतीला जातात."

"आपले न्हाई. माझे. जातेत."

"मंडळीत कुजबुज आहे. म्हणून मी एक तोड काढलीय. यंदा आपण ख्रिस्ती पोळा करू. चर्चच्या अंगणात. पांढरी झूल, तिच्यावर क्रूस, प्रार्थना, गीतं. मी फ्लेक्सही करून आणलाय." आणि गाडीला बांधलेला गुंडाळा त्यांनी उलगडून दाखवला. मोठ्या अक्षरांत, ख्रिस्ती पोळा.

सिस्टरनं चष्मा लावून वाचला. "अक्षर चांगलं हाय. पण पास्टर, सगळ्या मंडळीत बैल दोन. ते बी माझे. बाकीच्यांच्या काय मोटारसायकलीला झूल घालताव?"

मला हसू आवरेना. पाळकही हसले, पण लगेच गंभीर झाले. खरं सांगते, माणूस खोटा नव्हता. म्हणाले, "सिस्टर, तुम्ही चेष्टा करा. पण आपली घरं किती उरली? पोरं शहरात जातात, सगळ्यात मिसळून जातात. ज्याला आपलं म्हणून नाव नाही, ते टिकत नाही. मला त्यांना काहीतरी आपलं द्यायचंय."

"तुमची काळजी खरी हाय," सिस्टर म्हणाल्या. "पण पोळा बैलाचा. तो बैलानं कमावला. त्याच्यावर मी माझं नाव कामून टाकू?"

मंग पाळकांनी जे सांगितलं त्यानं माझे हात थांबले. बैल देवळाला गेले, तर सिस्टरला प्रभुभोजनाला बसता येणार नाही. प्रभुभोजन म्हणजे महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळक भाकर मोडून, प्रार्थना करून सगळ्यांना तुकडा देतात ते. "मला वाईट वाटतं, सिस्टर. पण या उन्हाळ्यात नवसाच्या बकऱ्यापायी मी एका तरण्याला थांबवलंय. तो अजून पुढं आलेला नाही. आज तुम्हाला सोडलं, तर त्याला काय सांगू?"

फ्लेक्स ओट्यावरच ठेवून ते गेले, तशी सिस्टरनं त्याची पुन्हा गुंडाळी केली. मंग म्हणाल्या, "पोरगं खरं बोललं."

"अहो, मंग यंदा वेशीतूनच माघारी आणा की बैल. कोण काय म्हणतंय?"

"डॉक्टरला कोण सांगंल? त्याचा मागचा पाय बघितला का? फुडल्या पोळ्याला तो उभा राहील का न्हाई. इतकी वर्षं त्या वाटेनं मिरवला. आता शेवटच्या साली गावासमोर त्याला मागं ओढायचं, त्यानं काय केलं म्हून?" थोडं थांबून म्हणाल्या, "वैनी, मला कळायला लागल्यापासून तो पहिला रविवार चुकला न्हाई. ड्यूटी असली तर बदलून घ्यायची, रात्रपाळीवरून तशीच जायची. मला ते लई लागतं."

मी म्हटलं, मंग काय करताव? तर म्हणाल्या, "शेंगा सोल."

आदल्या दिवशी खांदेमळण झाली. बैलांच्या खांद्याला त्यांनी हळद-तूप चोळलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणाल्या, जसं आम्ही म्हणतो तसंच. फ्लेक्स कुठंय इचारलं तर गवताच्या गंजीवर झाकलेला, अक्षरं खालच्या अंगाला करून. "कापड चांगलं हाय, वाया कामून घालायचं?"

पोळ्याच्या दिवशी वेशीत रांग लागली. सिस्टरचे बैल आमच्या बैलांशेजारी. तेवढ्यात गावातलं एक तरणं पोरगं, कपाळाला पट्टी बांधलेलं, मोठ्यानं म्हणालं, "हे ख्रिस्ती बैल आपल्या लायनीत कामून?"

मी सिस्टरकडं बघितलं. तिकडून फ्लेक्स, इकडून हे. दोन्हीकडून एकच शब्द. आमचे मालक तापले, "अरे, चिखलात ट्रॅक्टर फसला तवा तुझं वावर कोणत्या बैलांनी पेरलं रे? तवा धर्म इचारला न्हाईस!" सिस्टरनं त्यांना हातानं थांबवलं, पोरापाशी गेल्या आणि सगळ्यांसमोर त्याचं मनगट धरलं. नजर वर, दोन बोटं नाडीवर. पोरगं हात सोडवून घेईना. सिस्टर म्हणाल्या, "बाळा, अंगात कणकण हाय तुझ्या. उन्हात नको थांबू. आईला म्हणावं काढा दे." सगळी वेस हसली. पोरगं लाजून मागं सरकलं.

मंगलाष्टकं झाली. तोरण तुटलं. रस्त्याच्या कडेला पाळक मोटारसायकलला टेकून उभे होते, ते मी तेव्हा पाहिले. मालकांनी सवयीनं कासऱ्याला हात पुढं केला. सिस्टरनं दिला नाही. "न्हाई भाऊ. औंदा तुम्ही मधी नका." मंग त्यांनी कासरे डॉक्टरच्या आणि कंपाउंडरच्या पाठीवर टाकले, डॉक्टरच्या मानेवर थोपटलं आणि दोन पावलं मागं झाल्या.

डॉक्टर उभा राहिला. मागं वळून एकदा बघितलं. आणि लंगडत, सावकाश, मान ताठ ठेवून देवळाकडं निघाला. कंपाउंडर त्याच्या मागं. कोणी हाकलं नाही, कोणी धरलं नाही. त्यांनी मारुतीला पुरी फेरी घातली आणि परत सिस्टरपुढं येऊन उभे राहिले. आता पुरणपोळी काढा, असं तोंड करून.

पाळक जवळ आले. हळूच म्हणाले, म्हणजे मला ऐकू आलं म्हणून सांगते, "सिस्टर, बरं झालं. कासरा सुटला, बैल आपोआप गेले. तसं मी मंडळीला सांगतो. तुमच्याकडं काही दोष येत नाही."

माझा जीव भांड्यात पडला. किती सरळ वाट होती!

सिस्टर म्हणाल्या, "सुटला न्हाई, पास्टर. मी सोडला. कुठं जाईल ते मला ठाऊक होतं."

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. एकटीनं जाऊ द्यावंसं वाटेना. मी दाराशी बसले. सिस्टर शेवटच्या सतरंजीवर. त्या प्रभुभोजनाची भाकर वर्षानुवर्षं सिस्टरच भाजत आल्या होत्या. पाव आणायला जालन्याला कोण जाणार, म्हणून तिथं ज्वारीची भाकर मोडतात. त्या दिवशीही त्यांनी ती भाजून, पांढऱ्या फडक्यात बांधून आणली, पाळकांच्या हातात दिली आणि मागं जाऊन बसल्या. एकेक जण पुढं जाऊन गुडघे टेकून तुकडा घेत होता. सिस्टर उठल्या नाहीत. हात मांडीवर, नजर समोर. बाहेर पडताना पाळकांना म्हणाल्या, "प्रवचन चांगलं झालं. आवाज जरा खाली घ्या, घसा बसंल. मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा."

पुढच्या महिन्यातही तेच. फडकं, भाकर, मागची सतरंजी. मला संताप यायचा. "अहो, भाजताव तरी कशाला?" म्हटलं. म्हणाल्या, "नियम मला हाय. भाकरीला न्हाई."

मंग हरभऱ्याची पेरणी आली. सिस्टरच्या रानात मालक तिफण हाकत होते, चाड्यावर मूठ धरून सिस्टर बी सोडत होत्या. पाळक बांधावर येऊन उभे राहिले. बराच वेळ नुसते बघत होते. पेरणीचं तास बांधाशी आलं की डॉक्टर, लंगडत का होईना, आपला आपण वळायचा, कोणी काही न बोलता. तिफण जवळ आली तसे पाळक बरोबर चालायला लागले, चांगले बूट ढेकळात घालून.

"सिस्टर, ती भाकर माझ्या घशाखाली उतरत नाही."

"कामून? पीठ जाडं दळलं का?"

"तसं नाही." मंग एकदम म्हणाले, "तुमच्या हातची मोडून मी सगळ्यांना देतो आणि तुम्हाला देत नाही. मला घरी जेवण गोड लागत नाही."

सिस्टरची मूठ थांबली नाही. "मंग नियमाचं काय?"

"मंडळीला विचारतो. काय झालं ते जसंच्या तसं सांगतो."

"सुटला म्हणू नका."

"सोडला असंच सांगतो."

"अन् तो बकऱ्यावाला. त्यालाबी बोलवा. त्याच्या आधी मी येणार न्हाई."

पाळकांनी शब्द पाळला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी समोर उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं, फ्लेक्ससुद्धा. म्हणाले, "मी नाव देण्याच्या घाईत होतो. कोणाची हरकत असेल तर बोला." मंग पुढं बसलेले एक म्हातारबाबा खाकरले आणि म्हणाले, "भाकर निवून राह्यली, पास्टर. जल्दी करा."

आधी तो तरणा पुढं गेला, मान खाली घालून. मंग सिस्टर. गुडघे टेकले, तुकडा घेतला, आणि मंग उठताच येईना. पाळकांनी ताटली खाली ठेवून दोन्ही हातांनी त्यांना उभं केलं. सिस्टर डोळे पुसत म्हणाल्या, "हे तूप खात न्हाई म्हून होतं बघा."

परत येताना आम्ही दोघीच होतो. मला एक गोष्ट मघापासून टोचत होती. म्हटलं, "सिस्टर, तुमच्या रानात तर ज्वारी नव्हतीच. मंग एवढे महिने भाकर कशाची करताव?"

"तुझीच की. सुगीला पायली दिल्ती न्हाई का? तीच निवडून वेगळी ठेवली."

मी थांबलेच. आणि मुद्दाम म्हणाले, त्या चिडतील म्हणून, "म्हंजे माझी ज्वारी ख्रिस्ती झाली म्हणा की!"

त्या चिडल्या नाहीत. "ज्वारी ज्वारीच हाय, वैनी," म्हणाल्या. "पण दाणा चांगला टपोरा हाय. औंदाबी दे."

मी दिली. त्या होत्या तोवर दर सुगीला देत गेले.